धान उत्पादकाच्या मोबाईलमधील अ‍ॅप : कोणते, कशासाठी आणि किती भरवशाचे?



वडसा (देसाईगंज) परिसरात रोवणी आटोपते न आटोपते तोच अलीकडे एक नवे काम उभे राहते. हातात मोबाईल घेऊन धुऱ्या-धुऱ्याने फिरायचे आणि बांधीतील धानाचा फोटो काढायचा. पूर्वी शेतकऱ्याच्या खिशात तंबाखूची डबी आणि सोसायटीचे पासबुक असे, आता त्यात मोबाईलची भर पडली आहे. झाडीपट्टीतील नाटकाची तारीख ठरविण्यासाठी एके काळी वडशाला कंपनीच्या कार्यालयात खेप घालावी लागे; आता त्यातील बरीचशी बोलणी फोनवरच उरकतात. शेतीचेही तसेच झाले आहे. सातबारा, पिकाची नोंद, हवामान, विमा, धान विक्रीची नोंदणी, पैशांची देवघेव या सर्वांसाठी निरनिराळी अ‍ॅप आणि संकेतस्थळे आली आहेत.

ही अ‍ॅप वापरताना एक गोष्ट आधी समजून घ्यावी. त्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. काही अ‍ॅप आपल्याला माहिती देतात, उदा. पाऊस केव्हा येईल, कीड कोणती आहे. तेथे चूक झाली तर आपण शेतात जाऊन डोळ्यांनी खात्री करू शकतो. दुसऱ्या प्रकारची अ‍ॅप आपल्याकडून माहिती घेतात आणि ती शासकीय दप्तरात जाते. तेथे झालेली चूक शेतात दिसत नाही, ती दोन-तीन महिन्यांनी धान खरेदी केंद्रावर दिसते. म्हणून दुसऱ्या प्रकारच्या अ‍ॅपबाबत सातबाराच्या कागदाइतकीच दक्षता घ्यावी लागते. प्रथम त्यांचाच विचार करू.

ई-पीक पाहणी

सातबारा म्हणजे गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ यांचा एकत्रित उतारा. नमुना ७ मध्ये जमिनीचा भोगवटादार आणि क्षेत्र असते, तर नमुना १२ मध्ये त्या जमिनीत त्या हंगामात कोणते पीक किती क्षेत्रावर आहे याची नोंद असते. पूर्वी ही पिकाची नोंद तलाठी करीत. १५ ऑगस्ट २०२१ पासून संपूर्ण राज्यात ई-पीक पाहणी अ‍ॅप सुरू झाले आणि ही नोंद स्वतः शेतकऱ्याने करावयाची, अशी पद्धत आली. पुढे २०२४ च्या रब्बी हंगामापासून राज्यभर डिजिटल क्रॉप सर्व्हे, म्हणजेच डीसीएस या नावाचे सुधारित अ‍ॅप वापरात आले. नाव बदलले तरी काम तेच आहे.

आपल्या भागासाठी या नोंदीचे महत्त्व विशेष आहे. आधारभूत किमतीने धान विकण्यासाठी जी ऑनलाईन नोंदणी करावी लागते, तीत धान पिकाची नोंद असलेला सातबारा लागतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण प्रतीच्या धानाची आधारभूत किंमत क्विंटलला २,३६९ रुपये आणि अ प्रतीच्या धानाची २,३८९ रुपये जाहीर झाली. त्याआधीच्या २०२४-२५ च्या हंगामात राज्य शासनाने नोंदणीकृत धान उत्पादकांना हेक्टरी २०,००० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, प्रोत्साहनपर रक्कम जाहीर केली होती. म्हणजे ज्या शेतकऱ्याच्या दोन हेक्टरला धानाची नोंद नव्हती, त्याचे केवळ या एका बाबतीत ४०,००० रुपयांचे नुकसान होऊ शकत होते. एवढी रक्कम दोन हेक्टरच्या खतावरही खर्च होत नाही.

याबाबत माझ्या घरचाच अनुभव सांगतो. २०२१ च्या खरिपात वडिलांच्या दोन्ही गटांची नोंद मीच केली. कृषी महाविद्यालयात शिकविणारा माणूस घरात असताना दुसऱ्या कोणाला कशाला विचारायचे, असे सर्वांनाच वाटले. एका गटात धान होते आणि धुऱ्यावर तूर होती. धुऱ्यावर उभे राहून मी फोटो घेतला, तो आला तुरीचा. घाईत पीक म्हणून तूर निवडले, पिकाचा वर्ग निर्भेळ ठेवला आणि माहिती पाठवून दिली. नोव्हेंबरमध्ये वडील धान विक्रीच्या नोंदणीसाठी गेले, तेव्हा त्या गटाचे संपूर्ण क्षेत्र तुरीखाली दिसले. अर्ज केले, खेपा घातल्या, परंतु हंगाम निघून गेला आणि त्या गटाचे धान खासगी व्यापाऱ्याला कमी भावाने द्यावे लागले. वडील मला काही बोलले नाहीत. मात्र पुढील वर्षी नोंदीच्या वेळी ते स्वतः माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

धुऱ्यावरील तूर हा आपल्या भागातील नेहमीचा प्रकार असल्याने ही चूक अनेकांकडून होऊ शकते. धान हे मुख्य पीक असून धुऱ्यावर तूर असल्यास मिश्र पीक हा पर्याय घ्यावा, धानाचे क्षेत्र धान म्हणून आणि तुरीचे जेवढे असेल तेवढेच तूर म्हणून भरावे. फोटो घेताना धुऱ्यावरून न घेता बांधीत उतरून, धानाच्या चुडांकडे तोंड करून घ्यावा. गटात बोडी, खडक किंवा झुडपी भाग असेल तर ते क्षेत्र कायम पड म्हणून आधी भरावे. तसे न केल्यास धानाचे क्षेत्र प्रत्यक्षापेक्षा जास्त लागते आणि पुढे मोजणीत फरक दिसल्यावर शेतकऱ्यालाच उत्तर द्यावे लागते.

लागवडीच्या तारखेबाबतही गोंधळ होतो. रोवणीच्या धानाला पऱ्हे टाकल्याची तारीख न देता त्या गटात रोवणी झाल्याची तारीख द्यावी. आवत्या धानाला पेरणीची तारीख द्यावी. घरातील कॅलेंडरवर रोवणीच्या दिवशीच गट क्रमांक लिहून ठेवल्यास ऑगस्टमध्ये आठवत बसावे लागत नाही. सिंचनाचे साधन विचारले असता इटियाडोहाच्या कालव्याखालील शेतकऱ्यांनी कालवा, तर मामा तलावाखालील शेतकऱ्यांनी तलाव असेच भरावे. शेजाऱ्याचे पाहून बोअरवेल लिहू नये.

खरिपाची नोंद साधारणतः १ ऑगस्टपासून सुरू होते आणि सप्टेंबरच्या मध्यापर्यंत शेतकऱ्यांसाठी खुली असते. मुदत कधी कधी वाढते, परंतु वाढेल या भरवशावर राहू नये. शेवटच्या चार दिवसांत सर्वांचेच मोबाईल एकदम चालतात आणि अ‍ॅप मंद पडते. शेतकऱ्याकडून राहून गेलेल्या क्षेत्राची नोंद नंतर गावासाठी नेमलेल्या सहाय्यकाकडून होते. गावात सहाय्यक कोण, हे ऑगस्टमध्येच विचारून ठेवावे. २०२२ पासून शेतकऱ्याला पाठविलेल्या नोंदीत ४८ तासांच्या आत दुरुस्ती करण्याची सोय देण्यात आली. म्हणून नोंद पाठविल्यावर त्याच दिवशी, निदान दुसऱ्या दिवशी, गावाची पीक पाहणी उघडून आपल्या नावापुढे काय दिसते ते पाहावे. माझ्या वेळी ही सोय नव्हती, पण असती तरी मी ती पाहिली असती का, हा प्रश्नच आहे.

मोबाईल नाही म्हणून दुसऱ्याच्या मोबाईलवर नोंद करावयाची असल्यास त्यास हरकत नाही. परंतु नोंद करणाऱ्याला पैसे देऊन घरी बसू नये. स्वतः बांधीवर जावे, पीक आणि क्षेत्र त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावे आणि शेवटच्या पानाचा फोटो आपल्या घरच्या कोणत्याही मोबाईलवर मागवून ठेवावा. वनहक्काच्या पट्ट्यावर धान करणाऱ्या शेतकऱ्यांना अ‍ॅपमध्ये गट सापडला नाही, तर तोंडी तक्रारीवर न थांबता तलाठ्यांकडे (हे पद आता ग्राम महसूल अधिकारी म्हणून ओळखले जाते) लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. अ‍ॅपच्या काळातही पोचेचे महत्त्व कमी झालेले नाही.

हंगाम संपल्यावर एकदा डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा काढून नमुना १२ वाचावा. त्यासाठी १५ रुपये शुल्क आहे. अ‍ॅग्रीस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांक एप्रिल २०२५ पासून राज्यातील कृषी योजनांसाठी आवश्यक करण्यात आला आहे. तो काढताना आपले सर्व गट त्याला जोडले गेले आहेत, याची खात्री करावी. सामाईक खात्यातील गट सुटण्याचा संभव असतो.

दामिनी

आता माहिती देणाऱ्या अ‍ॅपकडे वळू. यांपैकी एकच अ‍ॅप ठेवण्याइतकी जागा मोबाईलमध्ये असेल, तर मी दामिनी ठेवण्यास सांगेन. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने ते तयार केले आहे. वीज पडताना निघणाऱ्या रेडिओ लहरी निरनिराळ्या ठिकाणच्या संवेदकांवर किंचित वेगवेगळ्या वेळी पोचतात आणि त्या फरकावरून वीज कोठे पडली याचे गणित मांडले जाते. आपण उभे आहोत तेथून २० आणि ४० किलोमीटरच्या वर्तुळात गेल्या काही मिनिटांत कोठे वीज पडली, हे नकाशावर दिसते आणि धोका असल्यास सूचना येते.

रोवणीच्या काळात दुपारनंतर ढग दाटतात, तेव्हा दहा-पंधरा महिला बांधीत चिखलपाण्यात वाकून काम करीत असतात. आजूबाजूला सपाट रान आणि त्यात सर्वांत उंच तेच. मोबाईल मात्र धुऱ्यावरच्या पिशवीत, डब्याखाली, आवाज बंद करून ठेवलेला असतो. अशा वेळी अ‍ॅप असून नसल्यासारखे होते. म्हणून रोवणीच्या दिवशी धुऱ्यावर पऱ्हे पोचविणाऱ्या किंवा पाणी पाहणाऱ्या एका माणसाकडे हे काम सोपवावे. त्याच्या मोबाईलचा आवाज सुरू असावा आणि लोकेशन चालू असावे. बॅटरी वाचविण्याची सोय चालू असली की काही मोबाईल मागे चालणारी अ‍ॅप बंद करतात, हेही पाहून घ्यावे.

ढग ताशी ४० किलोमीटर वेगाने सरकत असल्यास २० किलोमीटरचे अंतर तो अर्ध्या तासात कापतो. बांधीतून गावात किंवा पक्क्या घरात जाण्यास वीस मिनिटे लागत असतील, तर सूचना आल्यावर एक ओळ पूर्ण करू म्हणण्यास वेळ उरत नाही. नेटवर्क नसल्यास कानाने मोजावे. ध्वनी एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे एका किलोमीटरला तीन सेकंद. वीज चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर ती १० किलोमीटरच्या आत आहे. काम थांबवावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बांधीत उतरू नये. मोहाच्या झाडाखाली किंवा शेतातील उघड्या मांडवात आसरा घेऊ नये, पक्के घर किंवा बंद गाडी बरी. जवळ काहीच नसेल तर पाण्यातून बाहेर यावे, सर्वांनी एकमेकांपासून अंतर ठेवावे आणि पाय जुळवून उकिडवे बसावे. मोबाईलमुळे वीज ओढली जाते हा समज चुकीचा आहे. मात्र चार्जिंगला लावलेला मोबाईल गडगडाटात हातात धरू नये.

मालकांना एक विनंती आहे. काम थांबल्याबद्दल त्या दिवसाची मजुरी कापू नये. कापली जाणार असे ठाऊक असेल, तर सूचना येऊनही कोणी बांधीबाहेर निघणार नाही.

मेघदूत

मेघदूत अ‍ॅप २०१९ मध्ये सुरू झाले. त्यात पुढील पाच दिवसांचा पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा यांचा अंदाज आणि मंगळवारी व शुक्रवारी कृषी सल्ला मिळतो. हा अंदाज एका मोठ्या क्षेत्राचा असतो. त्यात २० मिलिमीटर पाऊस दाखविला म्हणून आपल्या बांधीत तेवढाच पडेल असे नाही. आरमोरीत मुसळधार आणि वडशात ऊन, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. तेव्हा नेमका आकडा न पाहता कल पाहावा.

युरियाचा वरखताचा हप्ता देताना बांधीतील पाणी काढून, खत देऊन, २४ तासांनी पुन्हा पाणी बांधण्याची शिफारस आहे. पुढील दोन दिवसांत जोराचा पाऊस दिसत असल्यास हप्ता दोन-चार दिवस पुढे ढकलावा, अन्यथा खत पाण्याबरोबर नाल्यात जाते. फवारणीबाबतही तेच.

या अ‍ॅपचा खरा उपयोग कापणीच्या वेळी आहे. कापलेल्या धानाच्या कडपा दोन-तीन दिवस बांधीत वाळतात. हे दिवस धानाच्या सर्वांत धोक्याचे असतात. २८ ऑक्टोबर २०२५ च्या रात्री मोंथा चक्रीवादळ आंध्रच्या किनाऱ्यावर आले आणि त्यानंतर पूर्व विदर्भातही पाऊस झाला. बंगालच्या उपसागरातील अशा वादळाची सूचना चार-पाच दिवस आधी मिळू शकते. ती दिसत असताना उभे धान कापून टाकू नये, कारण उभ्या धानाचे पाणी लवकर निथळते आणि कडपेतील लोंब्या भिजून कोंब धरतात. कापून झाले असल्यास वाळण्याची वाट न पाहता भारे बांधून उंचावर पुंजणे रचावे व ताडपत्री टाकावी. पुढे खरेदी केंद्रावर १७ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा असलेले धान घेतले जात नाही, हेही ध्यानात ठेवावे.

पुराबाबत मात्र केवळ मेघदूतवर विसंबू नये. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला पूर आला, तो आपल्याकडील पावसामुळे नव्हे तर वर मध्य प्रदेशात झालेल्या पावसामुळे आणि गोसीखुर्दच्या विसर्गामुळे. आपल्या तालुक्याच्या पानावर कोरडे हवामान दिसत असतानाही नदीकाठच्या बांधी बुडू शकतात. त्यासाठी गोसीखुर्दच्या विसर्गाबाबत प्रशासनाकडून येणाऱ्या सूचना पाहाव्यात.

फोटोवरून कीड-रोग ओळखणारी अ‍ॅप

पानाचा फोटो पाठविला की रोगाचे नाव सांगणारी बरीच अ‍ॅप निघाली आहेत. केंद्र शासनाने ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रीय कीड निरीक्षण प्रणाली सुरू केली, तर राज्याच्या कृषी विभागाने २०२५ मध्ये महाविस्तार हे मराठीतून प्रश्नांची उत्तरे देणारे अ‍ॅप आणले. करप्याचे ठिपके किंवा गादमाशीचा चंदेरी पोंगा अशी ठळक लक्षणे फोटोवरून बरी ओळखली जातात. तुडतुड्यांचे तसे नाही. ते चुडाच्या बुंध्याशी, पाण्यालगत असतात आणि वरून काढलेल्या फोटोत पान हिरवेगार दिसते. वरचे पान करपलेले दिसेपर्यंत बांधीत गोल खळगे पडलेले असतात. तेव्हा सप्टेंबरपासून आठवड्यातून एकदा बांधीत उतरून वीसेक चूड वाकवून पाहावेत आणि चुडात सरासरी १० तुडतुडे आढळल्यासच फवारणीचा विचार करावा. ही मोजणी कोणतेही अ‍ॅप करून देत नाही. तसेच कडा करपा आणि अन्नद्रव्याच्या कमतरतेमुळे वाळलेली पानाची कड फोटोत सारखीच दिसते. अ‍ॅपने सांगितलेले औषध लगेच विकत न घेता चूड मुळासकट उपटून कृषी सहायकांना दाखवावा किंवा सोनापूर येथील कृषी विज्ञान केंद्रात अथवा सिंदेवाहीच्या संशोधन केंद्रात विचारावे. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा निःशुल्क क्रमांक सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत चालतो आणि त्यासाठी इंटरनेट लागत नाही.

विमा आणि पैसे

राज्यातील एक रुपयात पीक विमा ही सवलत २०२५ च्या खरिपापासून बंद झाली असून शेतकऱ्याला खरीप अन्नधान्य पिकासाठी विमा रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत हप्ता भरावा लागतो. शेतात पाणी साचून झालेले धानाचे नुकसान २०१८ मध्ये योजनेतील स्थानिक आपत्तीतून वगळले गेले होते. ते, तसेच वन्य प्राण्यांमुळे होणारे नुकसान, २०२६ च्या खरिपापासून समाविष्ट करण्याचा निर्णय केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला. वैनगंगेकाठी पूर आणि जंगलालगत रानडुक्कर, ही आपली दोन्ही दुखणी त्यात येतात. अशा नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत विमा अ‍ॅपवर ठिकाणाची नोंद असलेल्या फोटोसह द्यावयाची आहे. ७२ तास नुकसान झाल्यापासून मोजले जातात, पाणी ओसरल्यापासून नव्हे. आपल्या मंडळात कोणती जोखीम अधिसूचित आहे, हे विमा भरण्यापूर्वी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात विचारावे.

व्हॉट्सअ‍ॅपवर पीएम किसानची यादी किंवा हप्ता अशा नावाची, शेवटी एपीके असलेली फाईल आल्यास ती उघडू नये, ओळखीच्या माणसाकडून आली तरीही. त्याचा मोबाईल आधीच फसला असण्याची शक्यता असते. अ‍ॅप नेहमी प्ले स्टोअरमधूनच घ्यावे. पैसे येण्यासाठी पिन कधीही टाकावा लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात. फसगत झाल्यास लाज न बाळगता त्वरित १९३० या क्रमांकावर कळवावे. पहिल्या काही तासांत कळविल्यास रक्कम थोपविण्याची शक्यता अधिक असते.

नेटवर्कची अडचण

कुरखेडा, कोरचीकडील अनेक गावांत नेटवर्क मिळत नाही, तेथील शेतकरी बंधूंना वरील सर्व वाचून हसू येईल. त्यांनी वडशाला बाजाराला येताना मोबाईल पूर्ण चार्ज करून आणावा. नेटवर्कमध्ये असताना अ‍ॅप अद्ययावत करून खाते क्रमांक आणि गट आधीच उघडून पाहावेत. जुने व्हिडिओ काढून मोबाईलमध्ये जागा करावी, कारण जागा नसल्यास फोटो घेताना अ‍ॅप बंद पडते. बांधीवर माहिती भरून ती मोबाईलमध्ये साठवता येत असल्यास साठवावी आणि नेटवर्क मिळताच अपलोड करावी. अपलोड झाल्याचा संदेश दिसेपर्यंत अ‍ॅप काढून टाकू नये किंवा मोबाईल मुलांच्या हाती देऊ नये. ज्या गटावर दोन वेळा प्रयत्न करूनही नोंद होत नाही, त्याचा क्रमांक व तारीख वहीत लिहून ठेवावी आणि मुदत संपण्याच्या निदान आठ दिवस आधी ती वही घेऊन सहाय्यकाला गाठावे.